ओळखूच येत नाही

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहून तुमचा विश्वास बसणार नाही. आज मी पांढराशुभ्र आहे. माझ्यावर फिकट निळी गादी आहे, तीन उशा आहेत, आणि उशांवर कोवळ्या पानांची नक्षी आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला बघतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "हा तोच बाक? ओळखूच येत नाही!" मग घरातली माणसं खूश होतात. ओळखू न येण्यात कसला आनंद असतो, ते माणसांनाच ठाऊक. मी लाकूड आहे. मला तो अजून झालेला नाही.

मला चार पाय आहेत, दोन हात आहेत आणि लांबलचक पाठ आहे. तोंड तेवढं सुताराने दिलं नाही. दिलं असतं तर ही गोष्ट मी वेळेवर सांगितली असती आणि आज तुम्हाला सांगायची वेळ आली नसती.

माझा सुतार हाताचा चांगला आणि लक्षाचा वाईट होता. गप्पा मारता मारता त्याने माझ्या पाठीच्या वरच्या पट्टीत भलत्याच जागी पटाशी चालवली. चूक लक्षात आली तेव्हा अंगठा बसेल एवढं लाकूड निघून गेलं होतं. पट्टी बदलायचा त्याला कंटाळा आला. त्याने ती खाच कानशीने घासून गुळगुळीत केली आणि मला तसाच पोचता केला. मालकाने विचारलं, ही खाच कशाला? सुतार म्हणाला, "बोट ठेवायला, साहेब." मालक हसला आणि विषय संपला. सुताराने वेळ मारून नेली होती. पण थाप मारणाऱ्याच्या तोंडून कधी कधी खरं निघून जातं, ते असं.

मालकाचा सुताच्या लडी रंगवण्याचा कारखाना होता. तिथे रंग जुळवण्याची एक वेगळी खोली होती. मोठी खिडकी, खिडकीखाली लांब टेबल, आणि समोर गिऱ्हाइकांनी बसावं म्हणून मी. टेबलाशी एक मुलगी काम करायची. वयाने लहान, पण घरात थोरली, म्हणून कारखान्यातही सगळे तिला ताईच म्हणू लागले. आईवडील लवकर गेले होते. पाठचा भाऊ शाळेत होता. त्याचं शिक्षण, त्याचे कपडे, त्याचा ताप, सगळं या मुलीच्या दोन डोळ्यांवर चाललं होतं. मी हे अलंकारिक बोलत नाही. खरोखर डोळ्यांवरच.

कारण ताईंचे डोळे म्हणजे काय विचारता! गिऱ्हाईक चिंधी आणून टाकायचं आणि म्हणायचं, असाच रंग हवा. ताई चिंधी खिडकीशी धरायच्या, एकदाच बघायच्या, आणि शंभर लडींतून नेमकी लड ओढून काढायच्या. कुणी घाईत म्हणालं, मला नुसता पांढरा द्या, तर त्यांना राग यायचा. "पांढरा असा रंगच नसतो," त्या म्हणायच्या. "पांढरे असतात. तुम्हाला कुठला हवाय?" आणि एकेक लड टेबलावर मांडायच्या. दुधाळ, मोतिया, हस्तिदंती, चुन्यासारखा, मिठासारखा. गिऱ्हाईक डोळे फाडून बघायचं आणि त्याला सगळं एकच दिसायचं. मी समोर बसून (बाक बसतो की उभा असतो, हे मला अजून कळलेलं नाही) मनातल्या मनात हसायचो.

वर्षं अशीच गेली. ताईंचं लग्न राहून गेलं. भावाचं झालं. मग कारखान्यात रंग ओळखणारं यंत्र आलं. यंत्राला डोळे फुटले तशी माणसाच्या डोळ्यांची गरज सरली. निरोपाच्या दिवशी मालकाने ताईंना विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? लोकांना वाटलं, काही भारीतलं मागतील. ताईंनी मला मागितलं. मला हातगाडीवर घालून घरी आणलं तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, इतकी वर्षं राबलीस आणि आणलंस काय, तर लाकूड." ताई म्हणाल्या, "राबताना समोर हाच होता."

घर लहान होतं. ताईंच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत एक अरुंद बोळ होता, त्या बोळात भिंतीला पाठ लावून मला ठेवलं. तिथे बसून सगळे चपला घालायचे, पिशव्या टेकवायचे. कौतुक कुणी करायचं नाही, पण माझ्यावाचून कुणाचं चालायचंही नाही. मित्रांनो, वस्तूच्या आयुष्यातला हाच सुखाचा काळ असतो. तेव्हा ते कळत नाही.

मग एकदा सकाळी ताई खोलीतून बाहेर आल्या आणि त्यांचा हात माझ्या पाठीवर पडला. टेकला नाही, पडला. चाचपडत पडला. तो हात पट्टीवरून सरकत सरकत पुढे गेला आणि खाचेशी येऊन थांबला. अंगठा आत बसला. ताई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पाय उचलला आणि उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. खाच लागली की उंबरा आला, असं त्यांचं आणि माझं ठरून गेलं. सुताराची थाप खरी झाली. ती खाच बोट ठेवायलाच होती.

त्यांच्या डोळ्यांपुढे मधोमध धुकं आलं होतं. कडेकडेचं अंधूक दिसायचं, समोरचं जायचं. हे घरात मला एकट्याला माहीत होतं. आता यातली गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली, चीड येते. भाऊ चष्म्याच्या दुकानात काम करायचा. जगाला चष्मे लावायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्याला एकदा शंका आली, म्हणून त्याने ताईंना दुकानात नेऊन अक्षरांच्या फळ्यासमोर बसवलं. ताईंनी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. आधी तासभर बाकीच्या लोकांना वाचताना ऐकत त्या तिथे बसल्या होत्या. भाऊ घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगू लागला, "या वयात ताईची नजर बघ. आपल्याला लाजवेल." ताई माझ्यावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुम्ही विचाराल, एवढं लपवायचं कशाला? मीही विचारलं असतं. पण मला कारण ठाऊक होतं. कारखान्यातली त्यांची एक जोडीदारीण होती, तिची दृष्टी गेली. ताई तिला भेटायला गेल्या आणि परत येऊन चप्पलही न काढता माझ्यावर बसल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या हळू आवाजात, स्वतःशी बोलावं तशा बोलल्या. "लेक चांगली आहे, सून चांगली आहे. सगळे म्हणतात, आई, तुम्ही उठू नका, इथेच बसा. तिला बसवून ठेवलंय. फडताळातल्या भांड्यासारखं." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मला नाही बसायचं. खोलीतून चुलीपाशी माझी मी जाईन. एवढ्या वाटेला तरी कुणाचा हात धरायला लावू नकोस."

मी बसण्यासाठी जन्मलेली वस्तू. आणि माझ्याकडे मागणं काय, तर मला बसवू नकोस. मी मनोमन कबूल केलं.

पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघांनी ते निभावलं. चहा कपात ओतताना ताई बोटाचं टोक काठाच्या आत धरायच्या. मिठाचा डबा चौकोनी, साखरेचा गोल. भाजी निवडताना अळी नजरेतून निसटली तर भाऊ थट्टा करायचा, ताई आज सामिष जेवण आहे का? ताईही हसायच्या. मी मात्र डोळ्यांत तेल घालून जागेवर उभा राहायचो. उभं राहणं एवढीच माझी नोकरी होती, पण अशी मोलाची नोकरी मी कारखान्यातही केली नव्हती.

आणि मग वसंत आला.

त्या वर्षी हिवाळा सगळ्यांना जड गेला होता. खिडक्या बंद, खोल्यांत कोंदट वास, भाऊ महिनाभर खोकत होता. ऊन परतलं तशी भावाची बायको खिडक्या उघडून कमरेवर हात ठेवून घराकडे बघत राहिली. तिला सगळे वहिनी म्हणतात, मीही म्हणतो. बाई वाईट नाही, हे आत्ताच सांगतो. वाईट असती तर तिच्यावर नीट रागावता तरी आलं असतं. तिच्या ऑफिसात एक मासिक यायचं, त्यात वसंतात घराला नवेपणा कसा द्यावा यावर लांबलचक लेख आला होता. फिकट रंग लावा. जड सामानाच्या जागा बदला. वाटा मोकळ्या करा. डोळ्यांना खुपेल ते काढून टाका. आणि एक तरी जुनी वस्तू नव्या रूपात वापरा. ती एक जुनी वस्तू म्हणजे अस्मादिक.

वहिनीने लेख मोठ्याने वाचून दाखवला. भाऊ म्हणाला, "बघू या, काय उजेड पाडतेस."

"पाडणारच," ती म्हणाली. "ताई दिवसभर या अंधाऱ्या बोळात ये-जा करतात. मला बघवत नाही. त्यांच्यासाठीच करायचंय मला."

तिने खरंच विचारपूर्वक केलं, मित्रांनो. उगाच काही विकत आणलं नाही. जुन्या ओढण्यांचे पडदे शिवले. पितळेचं जुनं घंगाळ घासून त्यात झाडाची कुंडी ठेवली. आणि रंग ठरवायची वेळ आली तेव्हा रंगाच्या दुकानातून छटांच्या पट्ट्या आणून ती थेट ताईंकडे आली. दुसऱ्या कुणाला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. रंगातलं ताईंइतकं कळणारं त्या गावात कोण होतं?

ताई माझ्यावर बसल्या होत्या. वहिनी शेजारी बसली आणि तिने पट्ट्यांचा पंखा त्यांच्या हातात दिला. "ताई, तुम्ही सांगाल तो. पिस्ता, फिका पिवळा, आकाशी, पांढरे पण आहेत चार-पाच. तुमचा डोळा आहे, माझा नाही."

ताईंनी पट्ट्या लांब धरल्या. मग जवळ घेतल्या. मान तिरकी करून कडेच्या नजरेने पाहायचा प्रयत्न केला. सांगून टाकायची ती एक घटका होती. "अगं, मला दिसत नाही," एवढे चार शब्द. वहिनी शेजारीच होती, हाताच्या अंतरावर. मी वाट बघत होतो. माझ्या प्रत्येक खिळ्याला वाटत होतं, बोला.

ताईंनी पट्ट्या मिटल्या आणि परत दिल्या.

"पांढरा घे," त्या म्हणाल्या. "पांढरा कधी चुकत नाही."

वहिनीने त्यांचा हात दाबला आणि आनंदाने उठून गेली. आणि मी? ज्या बाईने अर्धं आयुष्य लोकांना बजावलं की पांढरा असा रंगच नसतो, तिच्या तोंडून मी हे ऐकलं. वहिनीला कळायला हवं होतं. भावाला कळायला हवं होतं. या घरातल्या कुणीही ते वाक्य एकदा नीट ऐकलं असतं, तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. पण माणसं हवं तेच ऐकतात. वहिनीला पांढराच हवा होता.

रंगाचा वास ताईंना सोसायचा नाही, आणि वहिनीला त्यांना अचानक दाखवून खूश करायचं होतं, म्हणून ताईंची रवानगी मावसबहिणीकडे झाली. जाताना त्या बोळातून गेल्या. अंगठा खाचेत ठेवून क्षणभर थांबल्या. त्यांना वाटत होतं, भिंती रंगतील, दुसरं काय होणार.

पेंटर आला. त्याने मला अंगणात नेऊन उलटा केला, सुलटा केला, आणि पॉलिश पेपरने माझी कातडी सोलून काढली. गिऱ्हाइकांनी बसून बसून आणलेली झिलई, ताईंच्या तळव्याने पाठीवर पाडलेला गुळगुळीत पट्टा, सगळं भुकटी होऊन उडालं. मग त्याचं बोट खाचेवर थांबलं.

"वहिनी, ही खाच ठेवू की लांबी भरू?"

भिंतीच्या भेगा, लाकडाची भोकं बुजवायला तो जो पांढरा लगदा वापरतो, त्याला तो लांबी म्हणतो. वहिनी पडद्यांना कड्या लावत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"भरून टाका. सुताराची चूक आहे ती."

त्याने लोखंडी पट्टीने लांबी दाबून भरली. ओली, गार, चिकट. संध्याकाळपर्यंत ती वाळून दगड झाली. दुसऱ्या दिवशी वरून पांढऱ्या रंगाचे हात चढले. आणि मग मला उचललं ते बोळात नाही, तर बैठकीच्या खोलीत मधोमध नेऊन ठेवलं, तोंड फिरवून, खिडकीकडे. मासिकात तसं चित्र होतं. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, फरशी फिकट, आणि मधे मी पांढरा. बोळ मोकळा झाला. भाऊ त्यातून हात पसरून चालत गेला आणि म्हणाला, "मानलं तुला. खरंच उजेड पाडलास."

ताई परतल्या त्या दिवशी दोघं दारात उभे होते. शेजारीणही मुद्दाम आली होती. ताई आत आल्या आणि थबकल्या. त्यांच्यापुढे काय होतं ते मी सांगतो. काही नव्हतं. पूर्वी अंधूक का होईना, काळसर बाक दिसायचा, चौकटीची तपकिरी कड दिसायची. आता सगळं घर म्हणजे एक मोठं धुकं झालं होतं, आतलं आणि बाहेरचं एकच.

"कसं वाटतंय, ताई?" वहिनीने विचारलं.

ताई हळूच म्हणाल्या, "घर ओळखूच येत नाही."

शेजारणीने टाळ्या वाजवल्या. भाऊ हसला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण इतकं कौतुक ताईंनी तिचं आजवर कधी केलं नव्हतं. मित्रांनो, त्या खोलीत एकच माणूस खरं बोललं होतं, आणि त्यासाठी त्याला टाळ्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खोलीतून बाहेर आल्या. त्यांचा हात बोळात पुढे आला, जिथे मी असायचो तिथे. हवेत थांबला. खाली आला. पुन्हा वर गेला. भाऊ दाढी करत होता, त्याने विचारलं, काय शोधतेस? ताई म्हणाल्या, काही नाही. बैठकीच्या खोलीतून मला ते दिसत होतं. दारापलीकडे, हाकेच्या अंतरावर. पाय चार आहेत मला. एकाचाही उपयोग नाही.

मग त्या भिंतीला हात लावून चालू लागल्या. नव्या रंगावर त्यांच्या बोटांचे माग उमटू लागले. कमरेच्या उंचीवर, खोलीच्या दारापासून उंबऱ्यापर्यंत, एक करडी रेघ. रोज थोडी गडद होणारी. भिंतीने पांढऱ्यावर काळं करून सगळं लिहून ठेवलं होतं. वाचायला कुणी थांबलं नाही. वहिनी रोज सकाळी ओलं फडकं घेऊन ती रेघ पुसायची. शेवटी तिने ताईंना अगदी नरमाईने सांगितलं, "ताई, भिंतीला हात लावू नका हं. रंग कच्चा आहे अजून."

"नाही लावणार," ताई म्हणाल्या. आणि त्यांनी हात काढून घेतला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन आत ओसंडत होतं आणि खोली अशी लखलखत होती की चांगले डोळेही दिपावेत. ताई आपला चहा घेऊन खिडकीशी यायला निघाल्या. दोन्ही हात कपबशीला. भिंतीला हात लावायचा नव्हता. त्या सरळ माझ्याच दिशेने येत होत्या. मी जागचा हललो नाही. कधीही न हलणं हीच माझी लायकी होती, आणि तीच आता त्यांच्या मुळावर आली. त्यांचं मांडीचं हाड माझ्या पाठीवर आदळलं. ज्या पाठीचा धरून चालायला उपयोग व्हायचा, तिच्यावरूनच त्या पलीकडे पडल्या. कप फुटला. माझ्या पांढऱ्या रंगावर चहाचा ओघळ उतरला. तो वहिनीने नंतर पुसला, पण माझ्या सांध्यात अजून थोडा आहे. तो तिला सापडलेला नाही.

खुबा मोडला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि भावाला बाहेर नेऊन विचारलं, यांना दिसत नाही हे तुम्हाला माहीत नाही? वेळेवर आणलं असतं तर थोडी तरी नजर वाचली असती. भाऊ घरी आला आणि माझ्यावर येऊन बसला. चष्म्याच्या दुकानातला माणूस. त्याने स्वतःचा चष्मा काढला आणि नुसता हातात धरून ठेवला. वहिनी म्हणाली, मी तर त्यांना विचारून केलं. मी त्यांनाच विचारलं होतं. हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आणि ते खरंच होतं.

ताई घरी आल्या त्या चाकांच्या खुर्चीत. आता त्यांची फार काळजी घेतात. वहिनी चहा हातात देते. भाऊ खुर्ची ढकलतो. खुर्ची खिडकीशी लावून दोघंही प्रेमाने सांगतात, "ताई, उठायचं नाही. इथेच बसायचं." आणि ताई बसतात. फडताळातल्या भांड्यासारख्या.

एक दिवस वहिनी त्यांना माझ्याजवळून नेत होती. ताईंचा हात सहज बाहेर आला आणि माझ्या पाठीवर टेकला. इतक्या दिवसांनी. तो हात पट्टीवरून सरकत टोकापर्यंत गेला, थांबला, मागे आला, पुन्हा टोकाला गेला. गुळगुळीत. सगळीकडे गुळगुळीत.

"हे काय आहे गं?" ताईंनी विचारलं.

"तो बाक, ताई. आपलाच. कारखान्यातला."

"नाही. आपला नव्हे." त्यांनी हात मागे घेतला आणि परक्या वस्तूबद्दल बोलतात तसं सौजन्याने म्हणाल्या, "चांगला आहे पण. आपल्या बाकाला खाच होती. तिथून मला उंबरा कळायचा."

वहिनी धावत स्वयंपाकघरात गेली आणि सुरी घेऊन आली. माझ्यासमोर गुडघे टेकून तिने माझी पाठ खरवडायला सुरुवात केली. रंगाच्या खपल्या तिच्या मांडीवर पडत होत्या. ती रडत होती आणि खरवडत होती, आणि मित्रांनो, ती भलत्याच टोकाला खरवडत होती. मला फिरवून ठेवलं होतं ना. डावं उजवीकडे आलं होतं. तिथे लांबी नव्हतीच, तिथे माझं धड लाकूड होतं. ते तिने खणलं, कुरतडलं, अंगठा मावेल एवढा ओबडधोबड खड्डा केला. मग तिने ताईंचा हात धरून त्यात ठेवला.

"ही बघा, ताई. सापडली."

ताईंचा अंगठा त्या खड्ड्यात फिरला. कडा धारदार होत्या, तळाला कुसळं होती. ज्या बोटांनी ती खाच रोज वाचली होती, त्यांना कळायला निमिषही लागलं नाही. रंगाच्या पट्ट्या मिटताना आला होता, तोच सूर ताईंच्या आवाजात आला.

"हो," त्या म्हणाल्या. "हीच."

वहिनीने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन मोकळी झाली. तिला वाटलं, एक तरी गोष्ट परत देता आली. ताईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. अंगठ्यात एक कुसळ घुसलं होतं. ते त्यांनी दुसऱ्या हाताने हळूच काढलं, तिला कळू न देता.

तर असा मी. माझ्या अंगावर आता दोन खुणा आहेत. एक खरी, लांबीखाली गाडलेली. एक खोटी, सगळ्यांना दिसणारी. पाहुणे विचारतात, हे काय झालं? वहिनी त्यावर उशी सरकवते.

मित्रांनो, वसंत येईल, तुम्हीही खिडक्या उघडाल. घर सजवा, रंगवा, मला त्याचं वावडं नाही. पण एखादी जुनी वस्तू जागेवरून उचलण्याआधी तिच्यावरून हात फिरवून बघा. झिजलेला भाग लागला, तर तिथे रोज कुणाचा हात असतो ते शोधा. त्या माणसाला विचारा. आणि विचारल्यावर त्याचं उत्तर ऐकू नका, त्याच्याकडे बघा. नाहीतर एक दिवस तुमचंही घर असं देखणं होईल, की त्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यालाच ते ओळखू येणार नाही. आणि तुम्ही टाळ्या वाजवाल.